दाखला रद्द झाला म्हणजे माणूस परका झाला का?

जन्माच्या उशिरा केलेल्या नोंदींबाबत महसूल विभागाने नोव्हेंबर 2025 मध्ये आणखी एक कडक आदेश काढला. केवळ आधार कार्ड पाहून दिलेले दाखले रद्द करा, मूळ दाखले परत घ्या, खोटी माहिती आढळली तर गुन्हा नोंदवा, असा त्याचा सारांश. ज्या 14 ठिकाणी विशेष लक्ष द्यायला सांगितलं, त्यात अमरावती, अकोला, सिल्लोड, परभणी, बीड, जालना यांच्यासोबत आपलं लातूर आणि आपल्याच नांदेड जिल्ह्यातलं अर्धापूर आहे.

मुखेडचं नाव त्या यादीत नाही. म्हणून कुणी सुटकेचा नि:श्वास टाकू नये. मुखेड, मुक्रमाबाद, बाऱ्हाळीची पोरं लातूरला शिकतात, बहिणी उदगीर-अहमदपूरला दिलेल्या आहेत, कामाला माणसं हैदराबाद, पुणे, भिवंडीला जातात. दाखल्याचा प्रश्न तालुक्याच्या वेशीवर थांबत नाही. त्यामुळे चहाच्या टपरीपासून जुम्याच्या नमाजनंतरच्या गप्पांपर्यंत एकच सवाल फिरतोय: आपला दाखला रद्द झाला तर आपण काय बांगलादेशी ठरणार?

सरळ उत्तर आहे, नाही. पण हे उत्तर नुसतं दिलासा म्हणून घेऊ नका. ते का बरोबर आहे हे समजून घ्या, कारण कचेरीत उभं राहायची वेळ आली तर ते समजून घेतलेलंच कामी येईल.

हे सगळं सुरू कुठून झालं

2023 साली संसदेने जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 मध्ये दुरुस्ती केली. जन्मानंतर वर्ष उलटून गेलं असेल तर नोंदीसाठी आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा, म्हणजे कोर्टाचा आदेश लागायचा. नव्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्याने अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. साध्या भाषेत, कोर्टाचं काम तहसीलच्या दारात आलं. लोकांना ते सोयीचं वाटलं आणि राज्यभर अर्जांची रीघ लागली.

त्यातच भाजपचे माजी खासदार किरीट सोमय्या यांनी मालेगावात बांगलादेशी आणि रोहिंग्यांना जन्माचे दाखले वाटले जात असल्याचा आरोप केला. जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं, मालेगावचे तहसीलदार आणि नायब तहसीलदार निलंबित झाले. महसूल मंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी उशिराचे दाखले देणं राज्यभर थांबवलं. त्याच महिन्यात अभिनेता सैफ अली खान यांच्यावर हल्ला झाला. पकडलेला संशयित बांगलादेशी नागरिक असल्याचं पोलिसांनी सांगितलं आणि वातावरण आणखी तापलं. 12 मार्च 2025 ला शासनाने नवी कार्यपद्धती आणली. आता जास्त पुरावे, पोलिसांचा अहवाल आणि स्थानिक चौकशी लागते. पुढे नायब तहसीलदारांनी अधिकार नसताना दिलेले आदेश रद्द करायला सांगितलं गेलं आणि शेवटी नोव्हेंबरचा आदेश आला.

आमची भूमिका आधीच स्पष्ट करतो

बेकायदेशीर मार्गाने देशात येणाऱ्यावर कायद्याने कारवाई करणं हे कुठल्याही सरकारचं काम आहे, त्याला आमचा विरोध नाही. खोटे कागद तयार करून देणारे एजंट आहेत, हेही खरं. हे एजंट सगळ्यात आधी आपल्याच समाजाचं नुकसान करतात. चार पैशांसाठी एका माणसाला खोटा दाखला देतात आणि मग खरा दाखला असलेले शंभरजण संशयात अडकतात. अशांना पाठीशी घालायची काही गरज नाही.

आमचा आक्षेप वेगळा आहे. या चर्चेत दोन प्रश्न एकाच पोत्यात भरले गेलेत. एक, दाखला देताना कचेरीने पद्धत पाळली का? दोन, हा माणूस भारताचा नागरिक आहे का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं म्हणून दुसऱ्याचं उत्तर आपोआप 'नाही' होत नाही. नायब तहसीलदाराला सही करायचा अधिकार नव्हता, हा दोष त्याच्या कार्यालयाचा. अर्जदाराने फी भरली, सांगितलेले कागद जोडले, शिक्का घेतला. कुणाची सही चालते हे त्या बिचाऱ्याने कुठल्या पुस्तकात बघायचं होतं? टीव्हीवर मात्र 'इतके हजार दाखले रद्द' ही ओळ 'इतके हजार घुसखोर सापडले' अशी वाचली जाते.

म्हणून आमची पहिली मागणी अगदी साधी आहे. रद्द झालेल्या दाखल्यांपैकी किती दाखले केवळ पद्धतीच्या चुकीमुळे गेले, किती ठिकाणी खोटी माहिती सिद्ध झाली, आणि त्यातले किती लोक परदेशी असल्याचं सिद्ध झालं, हे तीन आकडे शासनाने तालुकावार वेगवेगळे जाहीर करावेत. आकडे वेगळे दिसले की अर्धी अफवा तिथेच संपेल.

नागरिकत्वाचा कायदा काय विचारतो

नागरिकत्व अधिनियम 1955 च्या कलम 3 मध्ये जन्माने नागरिकत्व कसं मिळतं ते दिलं आहे. घरातल्या तीन पिढ्यांना तीन वेगळे नियम लागतात.

26 जानेवारी 1950 पासून 30 जून 1987 पर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक आहे. आईवडील कोण, हा प्रश्न तिथे येत नाही.

1 जुलै 1987 नंतर आणि डिसेंबर 2004 मधली दुरुस्ती लागू होण्याआधी जन्म असेल, तर आई किंवा वडील यांपैकी एकजण जन्माच्या वेळी भारताचा नागरिक असायला हवा.

3 डिसेंबर 2004 पासून जन्मलेल्यांसाठी दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसावा.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. 1972 साली बाऱ्हाळीत जन्मलेल्या माणसाला फक्त एवढंच दाखवायचं आहे की त्याचा जन्म इथला. जन्म दाखला हा त्याचा सगळ्यात सोपा पुरावा, पण एकमेव नाही. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जुनी मतदार यादी, बापाच्या नावचा सातबारा, फेरफार, नोकरीचं सेवापुस्तक हे सगळं एकत्र ठेवून चित्र उभं राहतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यात 'मी परदेशी नाही' हे दाखवायची जबाबदारी त्या व्यक्तीवरच असते. 1946 च्या कायद्यात तसं होतं आणि 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन कायद्यातही ते कायम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये एका जामीन प्रकरणात सांगितलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असलं म्हणून तेवढ्यावर नागरिकत्व सिद्ध होत नाही. त्यामुळे 'आपल्याकडे आधार आहे ना, मग कशाला घाबरायचं' असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. आधार ही ओळख आहे, नागरिकत्व नाही.

पण न्यायालयांनी सरकारलाही लगाम घातला आहे. आसाममधल्या एका प्रकरणात 11 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कुणालाही उगाच उचलून 'तू नागरिक असल्याचं सिद्ध कर' असं म्हणता येणार नाही. संशयाला काही आधार लागतो आणि तो आधार त्या माणसाला द्यावा लागतो. नावाच्या स्पेलिंगमधला किंवा तारखेतला किरकोळ फरक म्हणजे परदेशी असल्याचा पुरावा नव्हे, हेही त्याच निकालात आहे. आपल्या भागासाठी हा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. का, ते पुढे सांगतो.

मराठवाड्यात कागद का सापडत नाही

नोंदणीचा हा कायदाच मुळी 1969 चा. त्याआधी जन्मलेल्या आपल्या आजी-आजोबांकडून त्या कायद्याखालचा दाखला मागणं म्हणजे विहीर खणण्याआधी पाणी मागण्यासारखं. नंतरही कित्येक वर्षं खेड्यात बाळंतपण घरी, दाईच्या हातून व्हायचं. ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करायची सवय नव्हती.

दुसरं कारण माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी हा आपल्याकडचा रिवाज, हिंदू असो की मुसलमान. मुखेडच्या सुनेचं माहेर औराद, बिदर, निजामाबाद, भैसा असं कुठंही असतं. 1956 पूर्वी हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. राज्य पुनर्रचनेत बिदर कर्नाटकात गेलं, निजामाबाद-भैसा आंध्रात आणि आता तेलंगणात. उदगीर-अहमदपूर तर तेव्हा बिदर जिल्ह्यात होते. तिथून ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि 1982 साली नव्या लातूर जिल्ह्यात गेले. माणूस जागेवरच राहिला, सरहद्दी त्याच्या भोवती फिरल्या. आता त्याच्या जन्माची नोंद शोधायला तीन राज्यांच्या कचेऱ्या पालथ्या घालाव्या लागतात.

तिसरं कारण भाषा. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चालायचा आणि साल फसली लिहिलं जायचं. फसली सनात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतं. म्हणजे 1357 फसली म्हणजे 1947-48. उर्दू नोंद मराठीत आली, मराठीतून इंग्रजीत गेली आणि प्रत्येक वेळी नाव थोडं बदललं. शेख कुठे 'शे.' झालं, अब्दुल कुठे नुसतं 'अ.' राहिलं, सय्यदचं 'सैय्यद' आणि मोहम्मदचं 'महंमद' झालं. शाळेत घालताना गुरुजींनी वय विचारलं, अब्बांना तारीख माहीत नव्हती, म्हणून 1 जून टाकली. मराठवाड्यात निम्म्या वर्गाचा वाढदिवस 1 जूनला असतो, हा विनोद सगळ्यांना माहीत आहे. आज हाच विनोद चौकशीच्या टेबलावर 'तफावत' म्हणून समोर येतो. म्हणूनच वरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा.

चौथं कारण ताजं आहे. 17 आणि 18 ऑगस्ट 2025 च्या रात्री मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. लेंडी धरणाच्या बाजूच्या हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली या गावांत पाणी शिरलं, माणसं गेली, गुरं गेली, लष्कराला बोलवावं लागलं. जिथे जीव वाचवणं मुश्किल होतं तिथे पेटीतले कागद कोण वाचवणार? पुरात घर गेलेल्या माणसाला उद्या 'मूळ कागद दाखव' म्हणणं हा जुलूम होईल.

आणि हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. तालुक्यातल्या तांड्यांवरचा बंजारा समाज, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, भटके-विमुक्त यांचीही हीच अवस्था आहे. ऊसतोडीच्या फडात, कोपीवर जन्मलेल्या लेकराची नोंद कोणी केली? फरक एवढाच की त्यांना कुणी बांगलादेशी म्हणत नाही, आपल्याला म्हणतात.

उर्दू कागद एकाला चालतो, दुसऱ्याला का नाही

आता एक गोष्ट शांतपणे बघू. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. या समितीने मराठवाड्यातले निजामकालीन दप्तर तपासले, उर्दू आणि मोडी वाचणारे लोक बसवले. 2 सप्टेंबर 2025 ला तर हैदराबाद गॅझेटिअरच्या आधारे शासन निर्णय निघाला. त्या मागणीवर इथे आम्हाला काही म्हणायचं नाही. आमचा मुद्दा पद्धतीचा आहे.

सरकारने मान्य केलं की मराठवाड्याचा माणूस ओळखायचा तर निजामाच्या दप्तरात जावं लागतं. कागद माणसाकडे नसेल तर सरकारने स्वतः शोधावा लागतो, हेही मान्य केलं. गावपातळीवर चौकशी करून, नातेसंबंध तपासून निर्णय घ्यावा, हेही मान्य केलं. मग तेच दप्तर, तेच उर्दू वाचणारे लोक, तीच गावपातळीची चौकशी जन्माच्या नोंदीसाठी का वापरता येत नाही? कित्येक घरांत खिदमतमाश जमिनीचे मुंतखब आहेत, इनामाचे कागद आहेत, मस्जिद-दर्ग्याच्या सेवेच्या नोंदी आहेत. आजोबांच्या आजोबांचं नाव सरकारी शिक्क्यासह लिहिलेलं असताना नातवाला 'तू कुठून आलास' विचारलं जातं, याचं वाईट वाटतं.

घाईत चूक झाली तर

मे 2025 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने संशयितांची पडताळणी 30 दिवसांत पूर्ण करायला राज्यांना सांगितल्याच्या बातम्या आल्या. पुढच्याच महिन्यात मुंबईजवळच्या मीरा रोड परिसरातून ताब्यात घेतलेला मुर्शिदाबादचा एक मजूर सीमेपलीकडे ढकलला गेला. पश्चिम बंगाल सरकारने तो भारतीय असल्याचं सांगितल्यावर त्याला परत आणावं लागलं. दिल्लीतून पकडलेल्या बीरभूमच्या एका गरोदर महिलेलाही असंच पाठवलं गेलं. कोलकाता उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये तिला परत आणायचा आदेश दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबरमध्ये ती लहान मुलासह मायदेशी आली. मधले महिने तिने परक्या देशात काढले, त्यातले बरेचसे तुरुंगात.

या बातम्या भीती पसरवायला सांगत नाही. पुणे-मुंबईत कामाला जाणाऱ्या आपल्या पोरांनी मराठी बोललं म्हणजे झालं, असं नसतं, एवढंच सांगायचं आहे. चूक झाली तर ती दुरुस्त करायला महिने लागतात, आणि ते महिने गरीब माणसाचेच जातात. म्हणून चौकशी आधी, कारवाई नंतर. हा क्रम उलटा होता कामा नये.

घरी बसून आज काय करायचं

एक, घरातल्या प्रत्येकाची एक फाईल करा. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, टी.सी., जन्म दाखला, वडील-आजोबांचा सातबारा किंवा घराचा नमुना आठचा उतारा, निकाहनामा, जुन्या मतदार यादीतलं नाव, रेशन कार्ड. लेकी-सुनांची फाईल आधी करा. लग्नानंतर नाव आणि गाव दोन्ही बदलतं, त्यामुळे सगळ्यात जास्त अडचण त्यांनाच येते. माहेरच्या शाळेचा उतारा आजच काढून ठेवा.

दोन, सगळ्या कागदांवर नाव आणि तारीख एक आहे का बघा. फरक असेल तर रीतसर दुरुस्ती करा. खाडाखोड करू नका, नवी सोयीची तारीख 'बनवू' नका. साधी चूक समजावून सांगता येते, बनावट कागद सांगता येत नाही.

तीन, दाखला रद्द केल्याची नोटीस आली तर घाबरून दडून बसू नका. हजर राहा, लेखी उत्तर द्या, पोच घ्या. आदेशाची प्रत मागा आणि रद्द करायचं कारण लेखी मागा. मूळ दाखला परत द्यावा लागला तर त्याची छायांकित प्रत आणि पावती ठेवा. निबंधकाच्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करायची सोय 2023 च्या दुरुस्तीतच आहे. आदेश महसूल अधिकाऱ्याचा असेल तर वकिलाला दाखवून पुढचा मार्ग ठरवा. गरज पडली तर औरंगाबाद खंडपीठ आहे.

चार, वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. तालुका विधी सेवा समितीकडून महिलांना, कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. पुराचा फटका बसलेल्यांनाही कायद्याने हा हक आहे. हसनाळ-रावणगावच्या लोकांनी हे लक्षात ठेवावं.

पाच, आज घरात बाळ जन्मलं तर 21 दिवसांच्या आत नोंद करा. त्यात पैसा लागत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, मतदार यादी अशा बहुतेक कामांसाठी हाच मुख्य कागद आहे. अकीक्याच्या दावतीची यादी करतो, तशी दाखल्याचीही आठवण ठेवा.

सहा, एजंटच्या नादी लागू नका. आपल्या ओळखीचा असला तरी नको.

जमातीनेही काही करावं

मस्जिद कमिट्या, शाळेतले शिक्षक, निवृत्त तलाठी, वकील यांनी मिळून महिन्यातून एक दिवस कागद तपासायला बसावं. उर्दू वाचणारी बुजुर्ग मंडळी अजून आपल्यात आहेत. त्यांच्या हयातीतच जुने कागद वाचून, मराठीत उतरवून ठेवले पाहिजेत. या बैठकीला तांड्यावरच्या आणि वस्तीवरच्या भावांनाही बोलवा. हा प्रश्न सगळ्यांचा आहे हे अर्ज लिहून देताना जेवढं पटेल तेवढं भाषणातून पटणार नाही.

तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी निवेदन द्यावं. सरसकट रद्द न करता प्रत्येकाला नोटीस आणि बाजू मांडायची संधी द्या, पद्धतीच्या चुकीने गेलेले दाखले योग्य अधिकाऱ्यासमोर पुन्हा तपासून कायम करा, पूरग्रस्त गावांसाठी दाखल्यांच्या नकला काढून द्यायचं शिबिर घ्या, आणि निजामकालीन उर्दू नोंदी पुरावा म्हणून स्वीकारा. यातली एकही मागणी कायद्याबाहेरची नाही. खरा घुसखोर शोधायचा असेल तर या मागण्या सरकारच्याही फायद्याच्या आहेत. खरे अर्ज नीट वेगळे झाले, तर खोटा अर्ज आपोआप उघडा पडतो.

ज्या मातीत आपल्या बापजाद्यांच्या कबरी आहेत, त्या मातीशी आपलं नातं कुठल्या सहीने सुरू झालं नाही आणि सहीच्या चुकीने ते तुटणारही नाही. पण कचेरीतलं टेबल भावनेची भाषा ऐकत नाही, तिथे कागद लागतो. मुलांचे अर्ज, लग्नाची बोलणी, पेरणी या सगळ्यातून वेळ काढून येत्या जुम्यापर्यंत घरातली पेटी उघडा आणि पहिली फाईल करायला घ्या.